भिशीची वही आणि पडलेलं शटर

आज आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या.

मी अंबाजोगाईजवळच्या एका छोट्या पतसंस्थेत क्लार्क आहे. मध्यंतरी आमचं बीडला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर सहकाराची सात तत्त्वं. खुलं सभासदत्व, एक सभासद एक मत, सभासदांचं शिक्षण वगैरे. १९९५ साली मँचेस्टरला ठरलेली. सरांनी वाचली, आम्ही उतरवून घेतली. चहाला शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, "ह्यातलं एक तरी तत्त्व त्या शटरमागं होतं का रे?"

कोणतं शटर, हे बीडच्या माणसाला विचारावं लागत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडं किती मल्टिस्टेट आणि पतसंस्था बंद पडल्या, ते तुमच्या घरातही कुणालातरी ठाऊक असेल. माझ्या आईचे २ लाख ८० हजार असेच अडकलेत. परवा तिची पावती नीट वाचली. खाली बारीक अक्षरात होतं, 'नाममात्र सभासद'. म्हणजे मत नाही. ती स्वतःला सभासद समजत होती, सही करून आली होती. आणि हो, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे मलाही नोकरीला लागल्यावर कळलं.

आता आजीची गोष्ट. आमच्या गावातली निम्मी माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. म्हणून तिची भिशी पाडवा ते दसरा एवढीच चालते. बारा बायका, दर पंधरा दिवसांनी पाचशे. सहा हजार मध्ये ठेवायचे, लहान पोरीनं चिठ्ठी उचलायची. पण कुणाच्या घरी दवाखाना निघाला, तर चिठ्ठी बाजूला आणि पैसे तिला. आधी सगळ्यांना विचारायचं मात्र. वही एकच, ती मोठ्यानं वाचतात, कारण निम्म्या जणींना वाचता येत नाही. पेरणीच्या वेळची सावड, इर्जिक, सप्त्याची वर्गणी, सगळीकडं हीच रीत. हिशेब माणसांसमोर व्हायचा.

मी प्रशिक्षणात उठून हे सांगितलं. सर म्हणाले, कॅरिबियन बेटांवर अशाच भिशीला सुसू म्हणतात. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी ती सोबत नेली. जमैकात तिला 'पार्टनर' म्हणतात. तिकडचे क्रेडिट युनियनवाले, म्हणजे आपल्या पतसंस्थांचे चुलतभाऊच, स्वतःचं मूळ सांगताना सुसूचं नाव घेतात. आपण मात्र भिंतीवर तुकोबांची ओळ रंगवतो आणि भिशीला अडाणी बायकांचा उद्योग म्हणतो. मला याचा राग येतो, खरं सांगतो.

भिशीही काही देवाची नाही. एका वर्षी पहिली चिठ्ठी उचललेली बाई गाव सोडून गेली आणि उरलेल्या अकराजणींना तोटा वाटून घ्यावा लागला. आजीची भिशी ठरावीक घरांचीच, गावातल्या काही वस्त्यांना तिथं बोलावणं जात नाही. हे मी तिला बोललोय, तिला आवडलं नाही. आणि बारा जणींची तोंडं रोज दिसतात. बारा हजार माणसांची कशी दिसणार? तिथं लेखापरीक्षण लागतं, वार्षिक सभा लागते.

म्हणून एक कामाची गोष्ट. तुम्ही आमच्यासारख्या राज्यात नोंदलेल्या पतसंस्थेचे सभासद असाल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ नुसार तिचा ताळेबंद, पोटनियम, सभेचं इतिवृत्त कार्यालयात बसून फुकट बघता येतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. आमच्याकडं सभेला येतात किती, सांगू? भजी संपेपर्यंत चाळीस.

या वेळी मी संचालकांना म्हटलं, ताळेबंद छापून वाटू नका, माइकवर वाचा. थकबाकीचा आकडाही. एक जण म्हणाले, लोक घाबरतील. दुसरे गप्प बसले. अजून ठरलेलं नाही.

आजीनं मात्र शेअर घेतलाय. भागधारक सभासद, मतासकट. फॉर्म भरताना तिनं एकच विचारलं, "वही मोठ्यानं वाचणार ना रे बाबा? का मी यायचं नाही?"