नळीमागच्या रेघा

मागच्या बैठकीत आमच्या गटाचा हप्त्यांचा हिशोब बाजूलाच राहिला. एका सदस्येच्या मुलीचं जमलेलं लग्न थांबलं होतं. तिला विचारूनच हे सांगतोय. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानातल्या शिबिरात मुलीची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली आणि मुलाकडच्यांनी निरोप धाडला, ‘मुलगी आजारी आहे.’ आम्ही ठरवलं, ही तपासणी काय सांगते ते आधी समजून घेऊ. आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञ ताईंनी ती आमच्यासमोर करून दाखवली.

बोटातून रक्ताचा थेंब घेतला, नळीतल्या औषधात टाकला. त्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तातला प्राणवायू निघून जातो. नळीच्या मागे काळ्या रेघा आखलेला कागद धरतात. साधं हिमोग्लोबिन विरघळलेलंच राहतं, रेघा दिसतात. हिमोग्लोबिन हे एक प्रथिनच. सिकलसेलमधलं एस हिमोग्लोबिन मात्र प्राणवायू गेला की एकमेकांना चिकटतं. पाणी गढूळ होतं, उजेड आरपार येत नाही, रेघा लपतात. हेच चिकटणं अंगात झालं की पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. तो ठणका ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मोठ्या प्रयोगशाळांत सोन्याचा पातळ थर दिलेल्या काचेवर प्रकाश सोडून एक प्रथिन दुसऱ्याला किती घट्ट चिकटतं ते मोजतात म्हणे. आपलं सोनं गहाण पडलेलं, तिकडे ते असं कामाला!

तर गढूळ नळी एवढंच सांगते की रक्तात एस आहे. तो एका पालकाकडून आला की दोघांकडून, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. एएस म्हणजे वाहक, तो रुग्ण नव्हे. एसएस म्हणजे रुग्ण. नवराबायको दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे मुलीचं रक्त तपासून अर्धंच कळतं, मुलाचंही तपासायला हवं. हे कुणी बोलतच नाही! आणि हो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही नळीची तपासणी चालत नाही. त्याच्या रक्तात पोटातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं.

मुलीचा पक्का अहवाल एएस आला. मुलाने अजून रक्त दिलेलं नाही. त्याची आई शेजारच्या गटात आहे, म्हणून येत्या मंगळवारी आम्ही चौघी तिच्याकडे जाणार आहोत.