कोळशाची राख आणि आपले छत



मी चंद्रपुरात वाढलो. आमची अम्मी दोरीवरचे कपडे काढताना आधी जोरात झटकायची. पांढऱ्या कुर्त्यावर राखाडी थर असायचा. ती राख कुठून येते, हा प्रश्न मला इंजिनीअर होईपर्यंत पडला नाही.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर होते. हिशेब सोपा आहे. एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राख असते. महिन्याला 150 युनिट वापरणारे घर शंभर किलो कोळसा जाळते, मागे तीस किलोहून जास्त राख उरते. बरीचशी राख चिमणीआधीची यंत्रे पकडतात. अतिसूक्ष्म कण निसटतात. शिवाय धुरातल्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेत नवे कण बनतात, तेही फुप्फुसात खोल जातात. पीएम 2.5 ची जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा 5 मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची 40. म्हणजे आपण आपल्याच फूटपट्टीवर पास होऊ शकतो!

आणि मी काही साव नाही. माझा कोड ज्या सर्व्हरवर चालतो, त्यांची वीजही बहुतेक कोळशाचीच. 2025 मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला बिगर-जीवाश्म वाटा निम्म्यावर गेला, ही खरी बातमी. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी. रात्री सूर्य नसतो, त्यामुळे निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशाचीच आहे.

मग छतावर सोलर कशाला? एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. इशा आणि फजरला ऊन नसते, पण नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. मात्र ते घरगुती जोडणीसाठी. मशिदीच्या छताचा विचार करताना ते धरू नका, तिथे वर्गणीचाच हिशेब मांडावा लागेल. मोठे सपाट छत, जोहरचे पंखे, वजूच्या पाण्याचा पंप, खर्च दिवसाचाच. मला तरी हिशेब बसताना दिसतो.

अडचण दुसरीच आहे. आपल्या मोहल्ल्यात कितीतरी घरे भाड्याची, पत्र्याची, कागद नसलेली. राख तिथेच जास्त पडते आणि योजना तिथपर्यंत पोहोचत नाही. ज्याला छतच नाही त्याला पॅनेलचे अनुदान देऊन काय उपयोग? त्यासाठी नगरसेवकाकडे, आमदाराकडे सामायिक सोलरची मागणी आपणच न्यावी लागेल.

पुढच्या रविवारी घरचे वीजबिल घेऊन या. त्यावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. कुणाला किती किलोवॅट लागेल, ते सोबत बसून काढू.