भयाच्या काळी देवाच्या स्वभावावर विश्वास

(देवस्थानच्या वार्षिकोत्सवात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



देव आहे असे मानणारा मनुष्य गोमंतकात शोधावा लागत नाही. वाड्यावाड्यावर देवळी आहे, घराघरात देव्हारा आहे आणि अंगणाअंगणात तुळस आहे. परंतु देव आहे असे मानणे निराळे आणि तो कसा आहे हे ओळखून त्याच्यावर विसंबणे निराळे. शेजारच्या घरात कोण राहतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. मध्यरात्री घरात दुखणे उद्भवले म्हणजे मात्र ज्याच्या स्वभावाची खात्री असते, त्याच्याच दारावर थाप मारली जाते. आजचा विषय या दुसऱ्या ओळखीचा आहे, आणि ती ओळख सुखाच्या दिवसांपेक्षा भयाच्या दिवसांतच पटते.

गोमंतकाच्या वाट्याला असे दिवस थोडे आले नाहीत. १५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली आणि तीस वर्षांनी, १५४० च्या सुमारास, त्या बेटांवरील देवळे पाडण्यास प्रारंभ झाला. पुढे १५६० साली इन्क्विझिशन आले आणि त्याच दशकात बार्देश व साष्टी या महालांतील देवळांची तीच गत झाली. त्या काळच्या एखाद्या कुळंब्याच्या किंवा भटजीच्या मनात कोणता विचार आला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्याच्यापुढे पिढ्यान्पिढ्या गाऱ्हाणे घातले, त्याचेच शिखर कोसळताना त्याने पाहिले. जो स्वतःचे देऊळ राखू शकला नाही, तो लेकराबाळांना काय राखणार, हा प्रश्न त्याला पडलाच असेल. तो नास्तिकाचा नसून घाबरलेल्या भक्ताचा प्रश्न आहे. म्हणून त्याला रागावून गप्प बसविणे योग्य नव्हे. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

त्या लोकांनी उत्तर दिले ते शब्दांनी नव्हे. त्यांनी देव उचलला आणि नदीपलीकडे नेला.

डिचोली महालातील नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराचा इतिहास या दृष्टीने मनन करण्याजोगा आहे. कदंब राजांचे हे आराध्यदैवत. त्यांच्या सुवर्णनाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख आढळतो. मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते देऊळ उद्ध्वस्त झाले आणि लिंग शेताच्या बांधात पुरले गेले, असे परंपरा सांगते. त्याच शतकात विजयनगरच्या माधव मंत्र्यांनी गोवा जिंकल्यावर त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली. सोळाव्या शतकात ते देऊळ पुन्हा पाडले गेले. या खेपेस ते लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावण्यात आले होते, अशी आख्यायिका आहे. तेथून भाविकांनी ते गुप्तपणे हलविले आणि मांडवी ओलांडून भतग्राम महालात आणले. त्या गावालाही मूळ गावाचेच नाव मिळाले. पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्या देवालयाचे काम सुरू झाले, याची साक्ष तेथील शिलालेख देतो. अलीकडे २०२३ च्या फेब्रुवारीत जीर्णोद्धार होऊन ते देवालय पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

या इतिहासाकडे दोन प्रकारे पाहता येते. देव दोनदा पराभूत झाला, असे एक जण म्हणेल. दुसरा म्हणेल की देव बांधात राहिला, विहिरीवर राहिला, अपमानात राहिला. पण आपल्या माणसांना सोडून गेला नाही. ज्यांनी रात्रीच्या अंधारात ते लिंग होडीत घातले, ते दुसऱ्या प्रकारचे होते. देवाने आपल्याला संकटातून वगळले पाहिजे, अशी त्यांची अट नव्हती. संकटात तो बरोबर असतो, एवढीच त्यांची खात्री होती, आणि तेवढ्या खात्रीवर त्यांनी शेतभाट, माड, घरदार मागे टाकले.

चोडण बेटावरील श्रीदेवकीकृष्णाची कथाही अशीच आहे. ते दैवत आधी डिचोली महालातील मयें येथे आणि तेथून माशेल येथे नेण्यात आले. कृष्णाची देवळे भारतात असंख्य आहेत. देवकीमातेसह पुजला जाणारा बाळकृष्ण मात्र विरळाच. ही देवकी कोण, याचे स्मरण येथे ठेवले पाहिजे. तिची सहा अपत्ये तिच्या डोळ्यांदेखत मारली गेली होती. देव तिच्या पोटी आला तो बंदिशाळेत, मध्यरात्री, पहाऱ्यात. आधी भय दूर करावे आणि मग यावे, असे त्याने केले नाही. तो भयाच्या मध्यभागीच जन्माला आला. नंतर बेड्या गळाल्या, दारे उघडली. पण यमुनेला पूर होताच. त्या पुरात पाऊल वसुदेवालाच टाकावे लागले. पाणी चढत चढत गळ्यापर्यंत आले, असे कथेकरी रंगवून सांगतात. पाणी उतरल्यावर नदीत शिरेन, असे म्हणून तो काठावर बसून राहिला असता, तर पुढची कथाच घडली नसती. चोडणचे भाविक देवकीकृष्णाला होडीत घेऊन निघाले, तेव्हा त्यांना वसुदेवाची आठवण झाली नसेल, असे कसे म्हणावे?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक देव पैलतीरी पोचला नाही, आणि प्रत्येक कुटुंबही पोचले नाही. कित्येक मूर्ती नाहीशा झाल्या. कित्येक माणसे मागे राहिली. म्हाताऱ्या आईबापांसाठी, जमिनीच्या तुकड्यासाठी किंवा केवळ भयाने राहिली आणि त्यांनी धर्म बदलला. जे गेले ते निष्ठावंत आणि जे राहिले ते दुबळे, असा निवाडा आज चारशे वर्षांनंतर देणे सोपे आहे. परंतु आपल्या लोकपरंपरेने तो दिलेला नाही. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेंची महामाया, पेडण्यातील मोरजीची मोरजाई या सात बहिणींपैकी असल्याचे लोक मानतात, आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण हीही त्यांचीच बहीण समजली जाते. तिच्या फेस्ताला शिरगावहून तेल जाते आणि देवीच्या जत्रेला तिकडून फुले येतात, असा प्रघात आहे. ज्यांच्या घरांची ताटातूट झाली, त्यांनी देवींचे नाते तुटू दिले नाही. देव वैर धरणारा आहे अशी त्यांची समजूत असती, तर ही कथा जन्मास आली नसती.

आतापर्यंत समाजाच्या भयाविषयी सांगितले. एकट्या माणसाचे भय निराळे असते. ते कचेरीच्या दारात, दुखणाइताच्या उशाशी, वरिष्ठाचे बोलावणे हाती पडल्यावर गाठते. पेडण्यातील पालये गावाशी ज्यांच्या घराण्याचे मूळ जोडले जाते, त्या संत सोहिरोबानाथ आंबिये यांची आख्यायिका या बाबतीत बोलकी आहे. त्यांचा जन्म १७१४ साली बांदे येथे झाला. सावंतवाडी संस्थानात ते कुळकर्णीपणाची चाकरी करीत. एकदा राजाचे तातडीचे बोलावणे आले आणि मन धास्तावलेल्या स्थितीत ते निघाले. वाटेत इन्सुलीच्या रानात, ओढ्याकाठी, बरोबरचा फणस फोडून खाण्यास बसले असता कोणी अनोळखी पुरुषाने त्यातला वाटा मागितला. सोहिरोबांनी तो आनंदाने दिला. ते गहिनीनाथ होते, असे परंपरा मानते. त्या भेटीनंतर चाकरीचे आणि राजाचे भय त्यांच्या मनातून गेले. पुढे त्यांनी कुळकर्णीपण सोडले आणि उतारवयात थेट उज्जैनपर्यंत प्रवास केला. आज विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

या आख्यायिकेत बोलावणे रद्द झाले, असे कोठेही नाही. राजा तोच होता, वाट तीच होती. बदलला तो जाणारा. आणखी एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे: भ्यालेल्या माणसाने आपल्या हातातला फणस दुसऱ्याला दिला. भय माणसाची मूठ आवळते. जो भीत असतानाही मूठ उघडतो, त्याने देवाच्या स्वभावावर विश्वास टाकण्यास प्रारंभ केला, असे समजावे.

हे सर्व जुन्या काळचे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु भयाची नावे बदलतात, भय तेच राहते. २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ पासून खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली तालुक्यात कर्जाने घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते थांबले नाहीत. काही वर्षांनी काही खाणी पुन्हा चालू झाल्या. पण त्या मधल्या रात्री ज्यांनी जागून काढल्या, त्यांनाच त्यांची लांबी ठाऊक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये साळ, इब्रामपूर या परिसरात नदीचे पाणी घरांत शिरले. २०२० साली महामारी आली आणि ज्या गाभाऱ्यापुढे उभे राहून मन हलके करावे, त्याचीच दारे बंद झाली.

आणि ३ मे २०२५ ची ती पहाट. शिरगावच्या जत्रेत, व्रतस्थ धोंड आणि भाविक यांच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. जी माणसे देवीच्या पायांशी आली होती, तीच घरी परतली नाहीत. सोळाव्या शतकातला तो प्रश्न त्या पहाटे पुन्हा उभा राहिला. त्या घरांच्या दारात जाऊन देवीची इच्छा म्हणून सांगणे हे भक्तीचे लक्षण नव्हे. गर्दीची वाट रुंद ठेवणे, उतारावर व्यवस्था करणे ही माणसांची कामे होत. त्यांतील उणीव देवाच्या माथी मारता येत नाही. ज्या घरात दिवा विझला, तेथे जाऊन मुकाट्याने बसणे, धान्य पोचविणे, मुलांच्या शिक्षणाची विचारपूस करणे एवढेच करता येते. देवीचा स्वभाव त्या घराला कळावयाचा असेल, तर तो तिच्या माणसांच्या वागण्यातूनच कळेल.

भयाच्या काळी आपले लोक देवळात प्रसाद लावतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या जातात आणि उजवी पडते की डावी, याकडे सर्वांचे डोळे लागतात. या प्रथेची थट्टा करणाऱ्याने त्या वेळी विचारणाऱ्याचे मुख पाहावे. पाकळी फार तर होय किंवा नाही एवढेच सांगते. परंतु पाकळी पडण्यापूर्वीच एक गोष्ट घडून गेलेली असते: मनात दाबून ठेवलेले भय गाऱ्हाण्याच्या रूपाने मोठ्याने बोलले गेलेले असते, आणि ते एकट्याचे न राहता देवळात जमलेल्या सर्वांचे झालेले असते. नवस बोलणे वाईट नव्हे; पण नवसात जमाखर्च असतो. इतके दिलेस तर इतके देईन, असा तो करार होय. विश्वासात करार नसतो. उद्या काय होणार हे ठाऊक नसतानाही, उद्या जो भेटणार तो कसा आहे हे ठाऊक असणे, याला विश्वास म्हणतात.

मात्र या विश्वासाचा आळसाशी घोटाळा होता कामा नये. देव पाहून घेईल असे म्हणून हात जोडून बसणारा आणि देव बरोबर आहे म्हणून वल्हे हाती घेणारा, हे दोघे दुरून सारखेच भाविक दिसतात. मांडवी ओलांडली ती दुसऱ्याने.

महाजन मंडळींनी या निमित्ताने एवढाच विचार करावा. १९३३ च्या नियमावलीने महाजनपणाला कायद्याची चौकट दिली. वह्या, ठराव, निवडणुका आल्या. त्या आवश्यकच आहेत. परंतु महाजनांचे पूर्वज वहीत नाव होते म्हणून महाजन झाले नाहीत. अंधाऱ्या रात्री ज्यांनी खांद्यावर भार घेतला, त्यांचा तो वारसा आहे. गावात आज कोण भीत आहे, कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाचा मुलगा नोकरीविना बसला आहे, कोणाला देवळाच्या पायरीवर यावयास संकोच वाटतो, ही विचारपूस ज्या देवस्थानात होते, तेथे येणाऱ्याला देवाचा स्वभाव वेगळा शिकवावा लागत नाही.

नार्वेच्या काठावर उभे राहिले म्हणजे पाण्यापलीकडे दिवाडी दिसते. मूळ देऊळ आज तेथे नाही. अलीकडच्या गाभाऱ्यात मात्र संध्याकाळी दिवा लागतो. तो प्रथम लावणाऱ्यांना उद्याची काहीच शाश्वती नव्हती. वात, तेल आणि देवाची ओळख एवढेच त्यांच्यापाशी होते.

तीच ओळख सर्वांना लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥