हयातीचा दाखला

वर्षांतून एकदां आपल्या राज्यांतील लक्षावधि वृद्धांना ‘आम्ही अद्याप जिवंत आहों’ असें सरकारास कळवावें लागतें. वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर हें हिंगणघाटशेजारचें तालुक्याचें गांव. तेथें हीं माणसें काठी टेकीत तहसील कचेरीच्या किंवा बँकेच्या दारीं येतात. श्रावणबाळ योजनेखालीं पासष्टी ओलांडलेल्या निराधारांना जें निवृत्तिवेतन मिळतें—२०२३ सालीं तें दरमहा १५०० रुपये करण्यांत आलें—तें चालू राहावें म्हणून हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस समोर उभा आहे अशी खात्री पटली कीं काम झालें. व्यवस्था योग्यच आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाहीं. पण त्या रांगेंतील कित्येकांना ‘तुम्ही आहांत ना?’ असें विचारणारें वर्षभरांत दुसरें कोणी भेटलें असेल काय, हा प्रश्न मला पडतो.

आपणांपैकीं पुष्कळ जण नागपूर, पुणें, मुंबई येथें राहतां, आणि आपले आईवडील अशाच एखाद्या गांवीं असतात. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर दोन भावांचें भागत नाहीं. मुलगा शिकला कीं जामच्या चौरस्त्यावर मोटार गांठतो आणि शहराकडे जातो. त्यांत त्याचा दोष नाहीं. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्यानें मुलांवर टाकली आहे. सोबतीचें कलम मात्र कोणत्या कायद्यांत घालणार? मुलगा पैसे पाठवितो. आठवड्यास दूरध्वनीहि करतो. पण तो विचारतो काय? ‘जेवलीस का? गोळी घेतलीस का? गुडघा कसा आहे?’ सारे वैद्याचे प्रश्न! आई तीन उत्तरें देते आणि बोलणें संपतें.

मी स्वतः याहून शहाणी नव्हतें. समुद्रपुरास माझ्या माहेराशेजारीं एक वृद्ध बाई एकटी राहते. आम्ही सारीं तिला आजीच म्हणतों. पंचाहत्तरी तिनें केव्हांच ओलांडली. माहेरीं गेलें म्हणजे मी तिच्याकडे संत्रीं घेऊन जात असें, कधीं बिस्किटें, एकदां शालहि नेली. ‘कायले आणलं बाप्पा एवढं?’ असें म्हणून ती तें फडताळांत ठेवून देई. मग आम्ही एकमेकींकडे पाहत बसूं. दहा मिनिटांनीं मी उठें, आणि पदरीं थोडें पुण्य पडलें अशा समाधानानें घरीं येईं. परत देण्यासारखें हातीं कांहीं नसलें म्हणजे घेणाऱ्यास भेटवस्तु जड होते, हें मला तेव्हां कळलें नाहीं.

एके वर्षीं वैशाखांत मात्र मी रिकाम्या हातानें गेलें, तीहि अडचणींत सांपडून. घरीं सरगुंड्यांचा बेत होता आणि तो बिघडला होता. विदर्भाबाहेरील श्रोत्यांसाठीं सांगतें: मळलेल्या पिठाची लांब वळी बारीक काडीवर गुंडाळावयाची, ती काढून उन्हांत वाळवावयाची, आणि पुढें शिजवून आमरसाबरोबर खावयाची. माझें पीठ काडीवरून सुटेना. मी म्हणालें, ‘आजी, काय करूं?’

तिनें मान वर केली. ‘काहून वं, तुह्या मायनं शिकवलं नाही काय?’

भिंतीस धरून ती उठली, आमच्या ओसरीवर आली, पिठाची चिमूट बोटांत घेतली आणि ‘सैल झालं’ एवढाच निकाल दिला. पुढचे दोन तास ती मला रागावत होती. त्या रागांतच तिनें आपलें लग्न सांगितलें, दुष्काळाचें एक वर्ष सांगितलें, आणि गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांच्या दर्ग्यास ती पायीं कशी जाई तेंहि सांगितलें. इतक्या वर्षांच्या माझ्या संत्र्यांनीं तिचें तोंड उघडलें नव्हतें. माझ्या बिघडलेल्या पिठानें तें उघडलें.

याच जिल्ह्यांतील सेवाग्रामची एक हकीकत येथें आठवते. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. येरवड्याच्या तुरुंगांत ते गांधीजींबरोबर बंदी होते. त्यांस कुष्ठरोग जडला, आणि १९३९ च्या सुमारास ते आश्रमांत आश्रयास आले. त्या काळीं त्या रोगाचें भय केवढें होतें, हें सांगावयास नको. गांधीजींनीं त्यांस आपल्या कुटीजवळच कुटी दिली, आणि स्वतःच्या हातांनीं ते त्यांचें अंग चोळून देत. ती कुटी आजहि तेथें आहे. मला त्यांतील स्पर्शाइतकाच नेम मोठा वाटतो. देशाच्या कामांतून सवड काढून तोच मनुष्य पुन्हां त्याच दारीं येई.

आणि या नेमांतच मी चुकलें. सरगुंडे वाळले त्या दिवशीं मी आजीला म्हणालें, ‘शनिवारीं येतें, उरलेलें पीठ तुझ्याकडेच करूं.’ शनिवारीं पाहुणे आले, आणि मी गेलें नाहीं. पुढें शेजारणीकडून कळलें कीं, काड्या धुऊन, पाट मांडून आजी दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यावर बसली होती. मला ती एका शब्दानेंहि बोलली नाहीं. बोलली असती तर मला बरें वाटलें असतें. आपल्या आठवड्यांत सात वार असतात; तिच्या आठवड्यांत तो एकच होता. ‘येईन कधींतरी’ असें म्हणावें, किंवा वार सांगितला तर पाळावा.

सवलती आहेत, त्यांचाहि उपयोग करावा. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या एस्.टी.त तिकीट पडत नाहीं. १४५६७ या क्रमांकावर वृद्धांना व त्यांच्यासाठीं इतरांनाहि दूरध्वनीनें साह्य मागतां येतें. पण एस्.टी.ची पहिली पायरी उंच असते. आजीपाशीं सवलत होती, तरी ती गिरडला कित्येक वर्षांत गेली नव्हती. कारण घरापासून थांब्यापर्यंत धरावयास हात नव्हता. गेल्या हिवाळ्यांत आम्ही दोघी गेलों. टेकडी चढणें तिला झेपलें नाहीं. पायथ्याशीं बसून तिनें वर हात जोडले, आणि येतांना गाडींत शेजारच्या मुलीस सरगुंड्यांचें पीठ किती घट्ट असावें तें समजावून सांगितलें.

परवां निघतांना तिनें काड्यांचा जुडगा माझ्या हातीं दिला नाहीं. फडताळांत ठेवला आणि म्हणाली, ‘इथंच राहू दे, वैशाखात लागतीन.’ मी वार विचारून घेतला आहे.