घरमालकास कळविणे : जपानी भाषेतील एक धडा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मजसारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाने काय सांगावे, असा प्रश्न पडला. अखेर जो धडा मी उतारवयात शिकलो, तोच आपणांपुढे ठेवण्याचे ठरविले. जपानात भाड्याच्या घरातील नळ गळू लागल्यास घरमालकास त्याच्या भाषेत कसे कळवावे, हा माझा विषय आहे. आपणांस हसू येईल. परंतु आपली मुलेमुली आज टोकियोत नोकरीस आहेत आणि उद्या आणखी जातील.

गेल्या वर्षी आम्ही उभयता मुलाकडे गेलो होतो. टोकियोच्या एदोगावा विभागातील निशि-कासाई येथे त्याचे बिऱ्हाड आहे. त्या भागात पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. जून महिना होता. तिकडेही तो पावसाळ्याचाच काळ. एके दिवशी स्वयंपाकघरातील मोरीच्या खालून पाणी ठिबकू लागले. सूनबाई म्हणाली, “बाबा, कळवायला हवे, पण फोनवर जपानी बोलायची भीती वाटते.” मुलगा म्हणाला, “राहू दे. आपणच काही मोडले, असे म्हणतील.” आणि खाली तसराळे ठेवण्याची युक्ती, सांगण्यास लाज वाटते, माझीच! चाळीत जन्म काढलेल्या माणसास गळक्या जागी भांडे ठेवणे हाच दुरुस्तीचा पहिला उपाय वाटतो.

दोन आठवड्यांनी तळाची लाकडी फळी फुगली आणि खालच्या मजल्यावरील वृद्ध बाई छतावरचा ओला डाग सांगण्यास वर आल्या. व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीचा मनुष्य आला. त्याने नम्रपणे एकच प्रश्न विचारला : “इत्सु कारा देसु का?” म्हणजे, केव्हापासून? सूनबाईने खरे ते सांगितले. नळीचा खर्च मालकाने सोसला. फळीच्या खर्चाचा वाटा मात्र मुलास द्यावा लागला. त्याला राग आला. मला तो न्यायच वाटला.

कारण जपानचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. तेथील दिवाणी संहितेचे ६०६ वे कलम दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकते. भाडेकरूच्या दोषाने बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. परंतु ६१५ वे कलम भाडेकरूस बजावते की, दुरुस्तीची गरज उद्भवताच, मालकास ती ठाऊक नसेल तर, विनाविलंब कळवावे. १ एप्रिल २०२० पासून अंमलात आलेल्या सुधारणेनुसार, कळवूनही मालकाने योग्य मुदतीत काही केले नाही, अथवा प्रसंग निकडीचा असला, तर भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करता येते. म्हणजे कळविणे ही तक्रार नव्हे, ते कर्तव्य आहे. आणि ते केल्यावाचून हक्कही पदरी पडत नाही.

आता भाषेची भीती. सूनबाई इंग्रजी पुस्तकावरून जपानी शिकत होती आणि प्रत्येक वाक्य उलटे फिरवून थकत होती. मी तिला म्हटले, “अगं, मराठीतून लावून पाहा.” तिने वाक्य लिहिले : “दाइदोकोरो नो जागुची कारा मिझु गा मोरेते इमासु.” दाइदोकोरो म्हणजे स्वयंपाकघर, नो म्हणजे ‘चा’, जागुची म्हणजे तोटी, कारा म्हणजे ‘तून’, मिझु म्हणजे पाणी, ‘गा’ हे कर्त्याचे चिन्ह आणि मोरेते इमासु म्हणजे ‘गळत आहे’. स्वयंपाकघराच्या तोटीतून पाणी गळत आहे! एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. हाच ‘कारा’ शब्द काळालाही लागतो : “सेन्शू कारा” म्हणजे गेल्या आठवड्यापासून.

मुलाच्या भीतीचे उत्तरही व्याकरणातच होते. आपण ‘काच फुटली’ आणि ‘काच फोडली’ यांत भेद करतो. जपानीतही ‘गारासु गा वारेमाशिता’ म्हणजे काच फुटली आणि ‘गारासु ओ वारिमाशिता’ म्हणजे काच फोडली. आपोआप बिघडले असेल तर अकर्मक क्रियापद वापरावे. त्यात कोणावरही आरोप नाही, मालकावर नाही आणि आपल्यावरही नाही. मात्र आपल्याच हातून फुटले असेल तर अकर्मकाच्या आड लपू नये. “वात्ते शिमाइमाशिता” म्हणावे. आपण खेदाने ‘फोडून बसलो’ म्हणतो, तसाच हा प्रयोग आहे.

निरोपाचा क्रम ध्यानी ठेवावा. प्रथम “इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु”, म्हणजे आपले साहाय्य नेहमीच होत असते, हे उपचाराचे वाक्य. मग खोलीचा क्रमांक व नाव. मग कोठून, केव्हापासून, काय होत आहे. शेवटी “मिते इतादाकेमासेन का”, म्हणजे पाहून जाण्याची कृपा कराल का? पाणी धो धो वाहू लागल्यास मात्र आधी मुख्य चावी बंद करावी. तिला मोतोसेन म्हणतात. इमारतींत ती बहुधा दाराबाहेरील मीटरच्या कप्प्यात असते. ती घरात पाऊल टाकल्या दिवशीच पाहून ठेवावी.

आम्ही परतण्यापूर्वी एके सकाळी न्हाणीघरात गरम पाणी येईना. सूनबाईने कागदावर वाक्ये लिहिली आणि त्याच घटकेस फोन लावला : “ओयु गा देमासेन.” गरम पाणी येत नाही. आवाज किंचित कापत होता, पण वाक्य पुरे झाले. दुपारी माणूस येऊन दुरुस्ती करून गेला. त्या दिवशी तसराळे फडताळातच राहिले.

ज्यांची मुले परमुलखात आहेत त्या आईबापांस माझी विनंती इतकीच की, गप्प राहण्याची आपली जुनी सवय त्यांना शिदोरी म्हणून बांधून देऊ नका. परक्या घरात मानाने राहायचे, तर वेळेवर, नम्रपणे आणि खरे बोलावे.