दहा सेकंद आणि एक हंडा

शहापूर-मुरबाडच्या बायांनो, आज जरा तुमच्याशीच बोलते.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक तुम्हाला ठाऊक आहेच. 1967 साली सुलभा देशपांडे यांनी त्यातल्या लुटुपुटूच्या खटल्याची आरोपी, बेणारेबाई, उभी केली, त्यावर पुष्कळ बोललं गेलंय. माझं म्हणणं एवढंच : न्यायाधीश झालेला काशीकर घड्याळ पुढे धरून तिला बोलायला दहा सेकंद देतो. ती केवढं तरी बोलते. पण तेवढा वेळ रंगमंचावरची बाकीची माणसं थिजलेली! ऐकतो फक्त प्रेक्षक. ज्यांनी ऐकायचं, त्यांच्या कानी एक अक्षर नाही.

आपल्या पाण्यासारखंच हे. तानसा, भातसा ही धरणं शहापुरात. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय आणि मे महिन्यात हंडा घेऊन टँकरची वाट बघणारी बाई याच तालुक्यातली. पाणी नाही कसं? भरपूर आहे. पण धरणाच्या दरवाजाची चावी तिच्याकडे नाही. बेणारेबाईचा रागही तसाच तुडुंब. दरवाजा उघडतो काशीकराच्या घड्याळावर, आणि डोळे ओले होतात ते मुंबईच्या प्रेक्षकांचे. हा हंडा मी फार लांब नेला म्हणाल, पण आपल्या बाया लांबूनच आणतात.

आता जरा रागावते. मिसेस काशीकर आठवा. नवरा चारचौघांत तिला गप्प बसवतो, आणि बेणारेबाईला ओढून पिंजऱ्यात परत आणते तीच. का? तिच्या हाताला तेवढाच जोर काढायची मुभा आहे. टँकरपाशी आपण एकमेकींच्याच झिंज्या धरतो ना? चावीवाला तिथे नसतो. बेणारेबाईला ज्यांच्यापासून दिवस गेले, ते प्रोफेसर दामलेही त्या खटल्याला कुठे आलेत!

पुन्हा सांगते, बोलायला मिळणं वेगळं, ऐकून घेतलं जाणं वेगळं. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या. खुर्चीवर सरपंचबाई, आणि बोलतात कोण? शेजारी बसलेले तिचे मालक.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवतायत, एक मिनिट राहिलं. साठ सेकंद! बेणारेबाईपेक्षा मी श्रीमंत. तर गावात कुणी हे नाटक बसवणार असाल, तर तालमीत एकदा करून बघा : तिच्या बोलण्याच्या वेळी बाकीच्यांना थिजवू नका. ऐकू देत. काशीकर तोंड कुठे लपवतो, ते मला बघायचंय. आणि बोहाड्यात, आपल्या त्या मुखवट्यांच्या उत्सवात, देवीचं सोंगसुद्धा पुरुषच नाचवतात, त्यावर मला खरं तर... असो, वेळ झाली.