कोयत्यामागची बाई



गळीत सुरू झाले की आपल्या तालुक्यात ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. उचलही दोघांवर मिळूनच. खाडा झाला की मुकादम दंड कापतो. म्हणून पाळी असो, अंग दुखो, बाई डोक्यावर मोळ्या वाहतेच. दुखणे वाढले की कित्येकींचे गर्भाशयच काढले जाते. २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. भगिनींनो, साखर आपल्या चहात आहे. यंदा आपण कोप्यांवर जाऊ, न्हाणीला आडोसा करून देऊ, आणि आजारी बहिणीला सरकारी दवाखान्यात सोबत नेऊ. वर्धापनदिनी माझे एवढेच मागणे आहे.